मुखवट्याआडचा न्याय

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, तोंडावर मुखवटा, पाठीवर झगा आणि उंच इमारतीवरून झेप! असल्या अमेरिकन सुपरहीरोंच्या चित्रपटांतून दहशतवादासारख्या गंभीर प्रश्नाबद्दल काय शिकायचे? ती तर मुलांची करमणूक. दोन-अडीच तास बसायचं, टाळ्या पिटायच्या आणि घरी यायचं. पण थोडे थांबा. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व सांगत आणि उत्तररंगात आख्यान लावीत. घरी जाताना लोकांच्या ध्यानात राही ते आख्यानच. न्याय कशाला म्हणावे, हे पुष्कळ माणसे कायद्याच्या पुस्तकातून शिकत नाहीत, गोष्टीतून शिकतात. आणि आजच्या घडीला जगातली कोट्यवधी मुले आणि मोठी माणसेही जी आख्याने ऐकतात, त्यांत ह्या मुखवटेधारी वीरांचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा ही आख्याने आपल्याला काय शिकवतात, हे तपासून पाहणे हा काही रिकामपणचा उद्योग नव्हे.

ह्या वीरांचा आणि राजकारणाचा संबंध आजचा नाही. सुपरमॅन अवतरला १९३८ साली, बॅटमन १९३९ साली. कॅप्टन अमेरिका ह्या वीराच्या पहिल्या अंकावर १९४१ सालच्या मार्च महिन्याची तारीख आहे. त्याच्या मुखपृष्ठावर हा गडी हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दाखवला आहे. अमेरिका महायुद्धात उतरली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे सरकारने युद्ध पुकारण्याच्या आधी चित्रकथेने ते पुकारले होते! एरवी मात्र ह्या वीरांचे काम साधे होते. बँक लुटणारे पकडावेत, गुंडांच्या टोळ्या मोडाव्यात, जग जिंकू पाहणाऱ्या एखाद्या विक्षिप्त शास्त्रज्ञाला आवरावे. चोराला पैसा हवा असतो, म्हणून चोर कळतो. त्याच्याशी झगडण्याची रीतही ठरलेली असते.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर विमाने घालून जवळजवळ तीन हजार माणसे मारण्यात आली, आणि त्यानंतर पडद्यावरचा खलपुरुषही बदलला. २००८ साली आलेल्या ‘द डार्क नाइट’ ह्या चित्रपटात जोकर नावाचा खलपुरुष आहे. गुंडांनी त्याला कबूल केलेल्या नोटांचा डोंगर त्याच्यापुढे उभा राहतो, आणि तो काय करतो? त्याला काडी लावतो. त्याला पैसा नको आहे. गॉथम शहर भीतीने थरथर कापताना त्याला पाहायचे आहे. तो माणसे मारतो, पण त्याआधी टेलिव्हिजनकडे फीत पाठवतो. मारण्याइतकेच त्याला दाखवण्याचेही अगत्य आहे.

दहशतवादाची व्याख्या करताना कायदेपंडितांची पुष्कळ ओढाताण होते; पण गाभा एवढाच की, बळी एक असतो आणि निशाण दुसरेच असते. बाँब फुटतो तो बाजारात, पण तो उडवलेला असतो बाजारापासून शेकडो मैलांवर बसून बातमी ऐकणाऱ्यासाठी. त्याने घाबरावे, चिडावे, शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे आणि आपल्या सरकारला सांगावे, ‘वाटेल ते करा, पण हे थांबवा.’ हे ‘वाटेल ते करा’ तोंडातून निघाले की दहशतवाद्याचे अर्धे काम झाले. म्हणून दहशतवादाचा मुकाबला हा केवळ शस्त्रांचा प्रश्न नाही, नीतीचाही आहे. तो मुकाबला करताना आपण काय काय करायला तयार होतो, हाच त्यातला कळीचा भाग.

‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमन तीन गोष्टी करतो. त्या तिन्ही गोष्टी त्या काळात अमेरिकन सरकारही करत होते, म्हणून त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट. गुंडांचा पैसा सांभाळणारा लाऊ नावाचा माणूस हाँगकाँगला पळून जातो. तिथले सरकार त्याला परत देणार नाही. बॅटमन रात्री त्या गगनचुंबी इमारतीत शिरतो, त्याला उचलतो, विमानाला अडकवतो आणि गॉथमच्या पोलिसांच्या दारात आणून टाकतो. थिएटरात टाळ्या पडतात. आता खऱ्या जगातली हकीकत ऐका. १७ फेब्रुवारी २००३ रोजी इटलीतल्या मिलान शहरात, भर दिवसा रस्त्यावरून, एका इजिप्शियन इमामाला सी.आय.ए.च्या माणसांनी उचलले आणि इजिप्तला पोचवले. तिथे आपला छळ झाला असे त्याने पुढे सांगितले. इटलीच्या पोलिसांचे त्याच्यावर आधीपासून लक्ष होते, त्याच्या आधाराने ते इतरांचा माग काढत होते. तो माग तिथेच तुटला. तो माणूस २००७ साली इजिप्तच्या तुरुंगातून सुटला. इटलीच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये २३ अमेरिकनांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. म्हणजे ज्याला न्यायापुढे आणायचे तो बाजूला राहिला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कायद्याचे रखवालदार सापडले! पडद्यावर बॅटमनचे विमान निघून गेले की हाँगकाँगचा विषय संपतो. खऱ्या जगात परक्या देशाचे न्यायालयही असते आणि त्याची आठवणही दांडगी असते.

दुसरी गोष्ट अधिक बिकट. जोकर पकडला जातो. दोन माणसे बाँबशेजारी बांधून ठेवलेली आहेत आणि घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे. बॅटमन खोलीचे दार आतून अडकवतो आणि जोकरला मारू लागतो. ह्या प्रसंगाला नीतिशास्त्रात टिकटिकणाऱ्या बाँबचा प्रश्न म्हणतात. एका माणसाच्या वेदनेने अनेकांचे प्राण वाचणार असतील, तर त्याला वेदना द्यावी की नाही? प्रश्न असा घातला की, ‘द्यावी’ हे उत्तर आपोआप ओठांवर येते.

पण चित्रपटात पुढे काय होते ते पाहा. जोकर मार खात हसतो. धमकी द्यायला तुझ्यापाशी काही उरलेले नाही, हे तो बॅटमनला कळवून चुकतो. मग दोन पत्ते सांगतो, तेही अदलाबदल करून. बॅटमन रेचेलला वाचवायला धावतो आणि दार उघडतो तो समोर सरकारी वकील हार्वे डेंट! रेचेल मरते, डेंटचा अर्धा चेहरा जळतो, आणि त्या जळलेल्या चेहऱ्यातून एक नवा खुनी जन्माला येतो. मारामुळे शब्द मिळाले, सत्य मिळाले नाही. चित्रपटातली ही जागा मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

इतर निर्माते एवढे प्रामाणिक नव्हते. २००१ साली अमेरिकेत ‘ट्वेंटी-फोर’ नावाची टेलिव्हिजन मालिका सुरू झाली. तिचा नायक संशयिताला छळतो आणि बहुतेक वेळा खरी माहिती मिळवतो. २००६ साली वेस्ट पॉइंट ह्या लष्करी विद्यालयाचे एक ब्रिगेडियर जनरल त्या मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. तुमच्या मालिकेचा आमच्या शिकाऊ अधिकाऱ्यांच्या मनावर वाईट परिणाम होतो आहे, असे त्यांनी सांगितले. वर्दीतला जनरल नाटकवाल्यांना सांगायला जातो की, बाबांनो, छळ यशस्वी होतो असे दाखवू नका! ह्याहून गोष्टीच्या ताकदीचा दाखला तो कोणता द्यावा?

खऱ्या जगात छळाने काय मिळाले? २००१ च्या अखेरीस इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा एक माणूस पकडला गेला. त्याला इजिप्तच्या ताब्यात देण्यात आले. तिथे त्याने कबुली दिली की, इराकने अल कायदाला रासायनिक शस्त्रांचे शिक्षण दिले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ह्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जे भाषण केले, त्यात ही कबुली पुराव्यादाखल आली. पुढच्याच महिन्यात इराकवर चढाई झाली. २००४ साली अल-लिबीने ती कबुली मागे घेतली. छळ चुकवण्यासाठी आपण ती रचली, असे तो म्हणाला. एका बंद खोलीतल्या वेदनेने उपजवलेले वाक्य, आणि ते एका युद्धाच्या समर्थनाला लागले! डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सी.आय.ए.च्या चौकशीपद्धतींवरील आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. ज्यांचा यश म्हणून वारंवार उल्लेख होई अशी २० उदाहरणे समितीने तपासली, आणि माहिती मिळवण्याचा हा परिणामकारक मार्ग नव्हता असा निष्कर्ष काढला. सी.आय.ए.ला हा निष्कर्ष सर्वस्वी मान्य झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण वाद कशाविषयी आहे ते ध्यानात घ्या. छळ झाला की नाही, ह्याविषयी तो नाही. तो झाल्यावर काही हाती लागले का, एवढ्यापुरताच आहे.

आता कुणी म्हणेल, ‘समजा, छळाने खरंच माहिती मिळाली असती तर?’ प्रश्न योग्य आहे, आणि त्याला बगल देऊ नये. त्याचे उत्तर शोधताना टिकटिकणाऱ्या बाँबच्या गोष्टीत किती गोष्टी आपण फुकट गृहीत धरतो ते मोजा. बाँब आहे हे नक्की. पकडलेला माणूस तोच, हेही नक्की. त्याला ठावठिकाणा ठाऊक आहे, तो खरे सांगेल, आणि सांगितल्यावर वेळ उरेल, हेही नक्की. सिनेमात हे सारे आपल्याला ठाऊक असते, कारण कॅमेरा आधीच सगळीकडे जाऊन आलेला असतो.  पोलीस ठाण्यातल्या फौजदाराजवळ तो कॅमेरा नसतो. त्याच्याजवळ एक नाव असते, एक खबऱ्या असतो, वरून आलेला दूरध्वनी असतो आणि बाहेर संतापलेला जमाव असतो. प्रेक्षकाची खात्री आणि फौजदाराची खात्री ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण पहिली खात्री खिशात घालून आणतो आणि दुसरीच्या जागी खपवतो.

इस्रायलसारख्या, बाँबस्फोटांची झळ रोज सोसणाऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न आला होता. ६ सप्टेंबर १९९९ रोजी त्या न्यायालयाने संशयितांवर शारीरिक बळ वापरण्याच्या तेव्हाच्या पद्धती बेकायदा ठरवल्या. एखाद्या चौकशी अधिकाऱ्याने अगदी निरुपायाने असे काही केलेच, तर त्याच्यावरच्या खटल्यात त्याला निरुपायाचा बचाव मांडता येईल. पण आधीच परवानगी देणारा नियम करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायमूर्तींनी हेही मान्य केले की, लोकशाहीला पुष्कळदा एक हात पाठीशी बांधून लढावे लागते. फरक बारीक आहे, पण महत्त्वाचा आहे. अपवाद घडला तर त्याचा जाब द्यावा लागेल, अपवादाची कचेरी उघडता येणार नाही.

तिसरी गोष्ट. जोकरला शोधण्यासाठी बॅटमन शहरातला प्रत्येक मोबाइल फोन आपला कान बनवतो. त्याचा विश्वासू सहकारी लुशियस फॉक्स ते यंत्र पाहून हादरतो. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असणे चूक आहे, असे तो स्पष्ट सांगतो. एकदाच मदत करीन, पण हे यंत्र इथे असेपर्यंत मी नोकरीत राहणार नाही, अशी त्याची अट. काम झाल्यावर फॉक्स स्वतःचे नाव टाइप करतो आणि यंत्र आपोआप नष्ट होते. किती सोयीचे! २०१३ च्या जून महिन्यात एडवर्ड स्नोडेन ह्याने उघड केले की, अमेरिकन सरकार आपल्या कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी – कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ – सरसकट गोळा करत होते. जानेवारी २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या एका स्वतंत्र मंडळाने तपास करून सांगितले की, ह्या नोंदींमुळे दहशतवादाच्या एकाही तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचे उदाहरण आम्हांला सापडले नाही. ती सरसकट जमवाजमव बंद करण्याचा कायदा व्हायला २०१५ चा जून उजाडला. खऱ्या जगातल्या यंत्राला स्वतःचे नाव टाइप करून स्वतःला जाळून घेण्याची सवय नसते. ते यंत्र आणीबाणीसाठी येते आणि आणीबाणी सरल्यावर वेगळे काम शोधते.

ह्याच प्रश्नाची पुढची पायरी २०१४ च्या ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ ह्या चित्रपटात आहे. तिथे तीन प्रचंड हवाई जहाजे तयार होतात. कोण पुढे धोकादायक ठरेल हे गणिताने काढायचे आणि त्याने गुन्हा करण्याआधीच त्याला वरून टिपायचे, अशी ती योजना. नायक स्टीव्ह रॉजर्स हा १९४० च्या दशकातला माणूस, बर्फात गोठून आपल्या काळात जागा झालेला. तो विचारतो, शिक्षा गुन्ह्यानंतर असते ना? आणि सांगतो की, हे स्वातंत्र्य नव्हे, ही भीती आहे. पुढे कळते की योजनेमागे हायड्रा नावाची दुष्ट संघटना आहे, आणि मग जहाजे पाडण्याचा मार्ग मोकळा होतो.

इथे मला चित्रपटाची एक पळवाट दिसते. यंत्र दुष्टांच्या हाती पडले म्हणून वाईट, असे म्हटले की प्रश्न सोपा होतो. पण रॉजर्सने आक्षेप घेतला तेव्हा हायड्राचा पत्ताच नव्हता. समोर उभा होता तो निक फ्यूरी, सज्जन, अनुभवी आणि देशाची मनापासून काळजी वाहणारा अधिकारी. आक्षेप फ्यूरीच्या हातांविषयी नव्हता, यंत्राविषयीच होता. चांगल्या माणसाच्या हातीही जी सत्ता असू नये, अशी सत्ता असते. ही गोष्ट पहिल्या अर्ध्या तासात चित्रपटाला ठाऊक होती, शेवटच्या अर्ध्या तासात तो ती विसरला.

वरून अचूक टिपण्याचे स्वप्न ह्या चित्रपटांना फार प्रिय आहे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये शस्त्रांचा कारखानदार टोनी स्टार्क अफगाणिस्तानात बंदी होतो आणि आपल्याच कारखान्याची शस्त्रे दहशतवाद्यांच्या हाती पाहतो. हा भाग सुरेख आहे. शस्त्र कोणी बनवले आणि कोणी विकले, हे विचारण्याचे धाडस थोड्या चित्रपटांत असते. पण पुढे स्टार्क लोखंडी पोशाख घालून एका खेड्यात उतरतो. दहशतवाद्यांनी गावकऱ्यांना ढालीसारखे पुढे धरलेले असते. त्याच्या शिरस्त्राणातले यंत्र क्षणात निवड करते, हा खुनी, हा निरपराध, आणि दर खुन्यामागे एकेक गोळी सुटते. एकाही गावकऱ्याला ओरखडा उठत नाही. त्याच अफगाणिस्तानात, काबूल शहरात, २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकन ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर क्षेपणास्त्र सोडले. हल्लेखोर स्फोटके घेऊन निघाला आहे, अशी समजूत होती. मेली ती १० निरपराध माणसे, त्यांतली ७ मुले. १७ सप्टेंबरला अमेरिकन लष्कराने चूक झाल्याचे कबूल केले. यंत्र उत्तम होते, नेम अचूक होता. ज्याच्यावर नेम धरला, तो माणूस मात्र दहशतवादी नव्हता.

चुकीच्या माणसाचा हा प्रश्न २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ने बऱ्याच गांभीर्याने हाताळला आहे. वीरांच्या मारामारीत सामान्य माणसे चिरडली जातात. मुलगा गमावलेली एक आई स्टार्कला गाठून जाब विचारते. ११७ देश मिळून करार करतात की, ह्या वीरांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली वागावे. स्टार्कला ते पटते. रॉजर्सला पटत नाही, कारण देखरेख करणाऱ्यांचेही हेतू असतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण माझे लक्ष वेधले ते टीचाल्ला ह्या राजपुत्राने. व्हिएन्नातल्या स्फोटात त्याचा बाप मरतो. छायाचित्रात एक चेहरा दिसतो, आणि तो त्या माणसाच्या रक्ताचा तहानलेला होऊन जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर त्याच्या मागे लागतो. अखेर कळते की तो चेहरा सोंग होते, स्फोट घडवणारा झेमो नावाचा निराळाच माणूस होता. राजपुत्राची नखे एकदा जरी वेळेवर लागली असती, तर बापाच्या खुनाचा सूड निरपराधावर घेतला गेला असता आणि झेमो मजेत मोकळा राहिला असता. हे उमगल्यावर झेमो समोर असूनही तो त्याला मारत नाही, मरूही देत नाही. कायद्याच्या हवाली करतो. अशा चित्रपटांत खलपुरुषाला जिवंत पकडून देणे हाच सर्वांत मोठा पराक्रम ठरावा, असा प्रसंग विरळा.

आपण महाराष्ट्रातली माणसे ह्या प्रश्नाकडे दुरून पाहू शकत नाही. ‘द डार्क नाइट’ आला त्याच वर्षीच्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ माणसे मारली गेली. गिरगाव चौपाटीवर साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, प्राण दिले. पण कसाब जिवंत सापडला. त्यांच्या तोंडावर मुखवटा नव्हता. त्या जिवंत पकडण्याला पुढे काय मोल आले ते पाहा. खास न्यायालयात खटला चालला, आरोपीला वकील मिळाला, साक्षीपुरावे झाले. मे २०१० मध्ये कसाब दोषी ठरला. पण त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडण्यातही आले. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात कसाबला फाशी झाली. ‘एवढं सगळं कशाला? चौकात गोळी घालायची!’ असे तेव्हा पुष्कळजण म्हणत. पण ज्या न्यायालयाने दोघांना सोडले, म्हणूनच त्याच न्यायालयाने तिसऱ्याला दिलेली शिक्षा जगाने शिक्षा म्हणून मानली.

दुसरी बाजूही मुंबईतच आहे आणि ती मनाला अधिक टोचणारी आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ साली खास न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते सर्व निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे दिसते, ते विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदाखला म्हणून वापरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले. अंतिम सत्य काय, ह्या वादात मी इथे शिरत नाही. पण एक हिशेब मांडतो. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष बरोबर असेल, तर १२ घरांची १९ वर्षे गेली आणि खरे खुनी कधी सापडलेच नाहीत. तो चूक असेल, तर खरे खुनी सुटले आणि तेही कबुलीजबाब संशयास्पद ठरल्यामुळे. दोन्हीकडून तोटा होतो तो गाडीत गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांचा. छळ हा आरोपीवरचा अन्याय आहे, एवढेच आपण म्हणतो; तो बळी पडलेल्यांवरचाही अन्याय आहे, हे म्हणायचे राहून जाते.

पुन्हा गॉथमकडे वळू. जोकरचा अखेरचा डाव असा की, दोन बोटी नदीत अडकवायच्या, एकीत नागरिक आणि दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटके. प्रत्येक बोटीला दुसरी उडवण्याची किल्ली द्यायची. जी आधी उडवील ती वाचेल. नागरिकांच्या बोटीवर मतदान होते आणि बहुमत दुसरी बोट उडवण्याच्या बाजूचे पडते. पण मत देणे निराळे आणि किल्ली फिरवणे निराळे. एक गृहस्थ तावातावाने किल्ली हातात घेतो आणि हळूच खाली ठेवतो. तिकडे एक धिप्पाड कैदी ती किल्ली मागून घेतो आणि खिडकीबाहेर पाण्यात फेकतो. मध्यरात्र उलटते, काहीच फुटत नाही. जोकरचा पराभव होतो तो इथे, आणि तो बॅटमनने केलेला नसतो. घाबरलेल्या, चिडलेल्या, पण हात आवरून धरलेल्या साध्या माणसांनी केलेला असतो.

दुर्दैवाने चित्रपटाचा त्या माणसांवर पुरता विश्वास नाही. शेवटी ठरते की, डेंटने केलेले खून लोकांपासून लपवावेत, नाहीतर त्यांचा धीर सुटेल. २०१२ च्या ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये त्या खोट्याचे फळ दिसते. डेंटच्या नावाने कडक कायदा झालेला आहे, एक हजार माणसे तुरुंगात आहेत, आणि बेन नावाचा नवा दहशतवादी तुरुंगाच्या दारात उभा राहून खरी हकीकत वाचून दाखवतो. सरकारचे खोटे हेच त्याचे सर्वांत मोठे शस्त्र ठरते. लोकांना सत्य पेलणार नाही, असे मानून केलेला बंदोबस्त असा उलटतो.

तेव्हा, श्रोतेहो, मुलांना हे चित्रपट पाहू देऊ नका, असे मी म्हणणार नाही. जरूर पाहू द्या, आपणही पाहा. घरी परतताना मात्र त्यांना तीन प्रश्न विचारा. हा अधिकार त्याला कोणी दिला? चुकीचा माणूस सापडला असता, तर त्याने दाद कोठे मागायची? आणि हीच ताकद तुला न आवडणाऱ्या माणसाच्या हाती असती, तर तू टाळी वाजवली असतीस का? मुले फार चलाख असतात. तिसऱ्या प्रश्नाशी ती जरा थबकतात, आणि मग वाद घालू लागतात. त्या वादात आपणही सामील व्हावे. कारण उद्या कोठे बाँब फुटला आणि आपल्या तोंडात ‘वाटेल ते करा’ हे शब्द आले, तर ते शब्द उच्चारण्याआधी थबकण्याची सवय त्या वेळी शिकून होत नाही; ती आधीच, शांतपणाच्या दिवसांत, अंगी बाणवावी लागते.